धुराचा वास

मुलांनो, आज एका जेवणाची गोष्ट सांगते. जेवण अगदी साधं होतं. पत्र्याची शेड, चार लाकडी बाकं, पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि महामार्गाच्या कडेला दाटीवाटीनं बसलेले आम्ही सगळे. पण त्या जेवणाच्या आधी माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि ती त्या पत्रावळीवर माझ्यासमोर आली. शिक्षकांच्याही चुका होतात बरं का! आमच्या वहीत लाल शाईनं फुली मारायला मात्र कुणी नसतं. ती आपली आपणच मारावी लागते.

आधी चूक सांगते, मग जेवण.

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात आहे. गावापासून दोन-अडीच किलोमीटरवरून मोठा रस्ता जातो. श्रीनगरहून निघून थेट कन्याकुमारीला पोचणारा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४. गावातली म्हातारी माणसं अजूनही त्याला 'सात नंबर' म्हणतात, कारण पूर्वी या रस्त्याचा क्रमांक ७ होता. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी अशी आपल्या जिल्ह्यातली गावं ओलांडून तो तेलंगणात आदिलाबादकडे जातो. रात्रंदिवस ट्रक धावत असतात. ट्रक आले की ड्रायव्हर आले, ड्रायव्हर आले की त्यांची भूक आली, आणि भूक आली की रस्त्याच्या कडेला चुली पेटल्याच!

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचं नाव सांगत नाही. गोष्ट सांगायची परवानगी त्यानं दिली आहे, नाव सांगायची नाही. पाढे पक्के, अक्षर मात्र गिचमिड. दिवाळीनंतर थंडी पडू लागली, तशी त्याच्या कपड्यांना धुराचा वास येऊ लागला. सोमवारी तर फारच. शेजारची मुलं नाक दाबायची. कुणीतरी त्याचं नाव 'धुरकट' ठेवलं. एके दिवशी एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझी जागा बदलून द्या. याच्या अंगाचा वास येते."

मी तेव्हा फळ्यावर भागाकार लिहीत होते. मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "अरे, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून येत जा ना जरा!"

वर्ग खो खो हसला. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो ओल्या केसांनी आणि दमट शर्टानं. ऐन थंडीत, न वाळलेला शर्ट तसाच अंगात घातला होता. मुकाट्यानं जाऊन शेवटच्या बाकावर एकटा बसला. मला वाटलं, चला, शिस्त लागली! बघा, मोठ्या माणसांचं किती लवकर समाधान होतं.

जानेवारीत आमची सहल टिपेश्वरला गेली. टिपेश्वर म्हणजे पांढरकवड्याजवळचं अभयारण्य. १९९७ साली ते जाहीर झालं. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं हे जंगल वाघांसाठी प्रसिद्ध आहे. आम्हांला वाघोबांनी काही दर्शन दिलं नाही, पण नीलगायी दिसल्या, चितळांचा कळप दिसला आणि एक मोर तर गाडीच्या पुढ्यातून ऐटीत चालत गेला. परतताना सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. डबे केव्हाच रिकामे झाले होते. तेवढ्यात मुख्याध्यापक सर उभे राहून म्हणाले, "आजचं जेवण रोडग्यांचं! मी सकाळीच सांगून ठेवलं आहे."

बसमध्ये असा काही गलका झाला, की ड्रायव्हरकाकांनी कानावर हात ठेवायचाच बाकी ठेवला.

पुण्या-मुंबईच्या माझ्या वाचकांना रोडगे म्हणजे काय हे सांगायला हवं. गहू जरा जाडसर दळायचे. त्या पिठात मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायचं. मग लहान-लहान पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल आणि कोरडं पीठ लावून एकीवर एक ठेवायच्या आणि शेवटी त्या सगळ्या एका मोठ्या पोळीत बांधून गोळा करायचा. हा झाला कच्चा रोडगा. तो तव्यावर जात नाही की कढईत जात नाही. तो जातो गोवऱ्यांच्या विस्तवात. आमच्याकडे शेतात, देवळाच्या आवारात, नवस फेडताना रोडग्यांच्या पंगती उठतात. पानगे हे त्यांचे भाऊबंद. कणकेचा गोळा पळसाच्या पानांत ठेवून भाजला, की पानगा तयार. तुमच्याकडे चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवत असतील, तर नाव ओळखीचं वाटेल. पैठणच्या संत एकनाथांनी सोळाव्या शतकात एका भारुडात देवीला रोडगा वाहायचा नवस घातला आहे. म्हणजे पदार्थ किती जुना असेल बघा!

तर आमची बस त्या पत्र्याच्या शेडपुढे थांबली. एका फळीवर खडूनं लिहिलं होतं, 'रोडगे-भाजी. ऑर्डरप्रमाणे.' मुलं धडाधड उतरली. मी शेवटून मोजत होते. एक जण कमी. आत जाऊन पाहिलं, तर हा शेवटच्या सीटवर खाली मान घालून बसलेला.

"काय रे? जेवायचं नाही का?"

"पोट दुखते, मॅडम."

मला खरं वाटलं. "बरं, पडून राहा," म्हणून मी खाली उतरले.

शेडमधून एक बाई लगबगीनं बाहेर आल्या. तिशीच्या असतील. डोळे धुरानं लाल झालेले, पदर कमरेला खोचलेला, हाताला पीठ. मला बघून त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"या मॅडम, या! तुमीच चौथीच्या मॅडम न? आमचा बाबू घरी तुमचंच सांगत राह्यते. मॅडमनं हे शिकवलं, मॅडमनं ते सांगतलं."

"तुमचा बाबू कोण, ताई?" मी विचारलं.

त्यांनी नाव सांगितलं, आणि मुलांनो, भर दुपारच्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. मी ज्याला आंघोळ करायला सांगितली, तो घरी येऊन माझं कौतुक करत होता. त्या दिवशीचं मात्र त्यानं आईला काहीच सांगितलं नव्हतं.

हळूहळू मला सगळं कळत गेलं. घरात तो, आई आणि आजी अशी तिघंच. आई आधी कापूस वेचायला जायची. वेचणीचा हंगाम संपला, की काम संपायचं. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं ही शेड घातली. घर शेडला लागूनच. रविवारी ऑर्डर जास्त, त्यामुळे रविवारी विस्तवही मोठा. आता सोमवारच्या वासाचा उलगडा झाला ना?

शेडच्या मागे जमिनीत उथळ खड्डा होता. त्यात राखेखाली लालभडक निखारे. त्यांत दीडशे-दोनशे रोडगे ओळीनं पुरलेले. आमच्या मुलांनी तिथं गराडा घातला. मघाच्याच, जागा बदलून मागणाऱ्या मुलीनं नाक मुरडलं. "ई! हे शेणावर भाजतात?"

मला वाटलं, आता ताईंना राग येईल. पण त्या हसल्या. म्हणाल्या, "शेण कुठी राह्यलं त्यात, बाई? जळून त्याची राख झाली. तू खाऊन तं पाह्य!"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. गोवरी म्हणजे वाळलेलं शेण, त्यात न पचलेल्या चाऱ्याच्या काड्या. ती पूर्ण पेटून जाळ बसला, की उरतात निखारे आणि राख. त्या उष्णतेत जंतू टिकत नाहीत. शिवाय रोडग्याला वरून टणक कवच येतं. बाहेर काढल्यावर तो फडक्यात घेऊन घोळवला, की राख झडून जाते.

मी विचारलं, "ताई, जाळ असतानाच ठेवले तर लवकर नाही का होणार?"

"नाई न, मॅडम. जाळावर ठेवलं तं वरून करपते अन् आतून कच्चं राह्यते. जाळ पुरा बसू द्या लागते, मंग इस्तो राह्यते. त्या इस्त्यात रोडगा आपल्या आपण शिजते. आपण फक्त ध्यान द्या लागते. आगीले घाई नाई चालत."

विस्तवाला आमच्याकडे 'इस्तो' म्हणतात. ताई शाळेत फार शिकलेल्या नाहीत, पण त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं, ते विज्ञानाचं एक प्रकरणच आहे. बघा हं. जाळ नाचरा असतो, कधी इकडे, कधी तिकडे. निखारे मात्र सगळीकडून सारखी उष्णता देत राहतात. त्यांच्यावरची राख पांघरुणासारखं काम करते, कारण राखेतून उष्णता सहजासहजी बाहेर जात नाही. त्यामुळे निखारे तासन् तास तापलेले राहतात. रोडग्याच्या आतल्या कणकेत पाणी असतं. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, त्याची वाफ होते आणि त्या वाफेवर आतले पापुद्रे शिजतात. बाहेरचा भाग मात्र कोरडा पडतो, आणखी तापतो आणि तांबूस खरपूस होतो. पोळीवरचे डाग, पावाची तांबूस पाठ आणि हा रोडगा, तिन्हींची खरपूस चव एकाच क्रियेतून येते. फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचंच नाव मिळालं. आपल्या आज्या मात्र ती क्रिया त्याच्या कितीतरी आधीपासून रोज चुलीवर घडवत होत्या!

तेवढ्यात ताईंनी बसकडे पाहून हाक मारली, "बाबू! ये न रे! कोपऱ्यातले उलटवाचे राह्यले. माह्या एकटीनं होत नाई."

तो उतरला. कुणाकडेही न बघता खड्ड्यापाशी गेला. लोखंडी चिमटा उचलला आणि उकिडवा बसून भराभर एकेक रोडगा उलटवू लागला. वारा फिरला आणि धूर तोंडावर आला, तसा न बघताच उठून दुसऱ्या बाजूला बसला. गिचमिड अक्षराचा तो हात चिमट्यावर इतका सफाईनं चालत होता, की सगळी मुलं गप्प झाली.

त्याच मुलीनं विचारलं, "झाला हे कसं समजते रे तुले?"

"आवाज आईकायचा," तो म्हणाला. त्यानं चिमट्यानं एका रोडग्यावर टिचकी मारली. "हा कच्चा. धप्प वाजते. अन् हा आईक, टक् टक्. हा झाला."

"मी पाहू?"

"हात नको लावू, पोयते. चिमटा घे."

मग काय, चिमट्यासाठी रांगच लागली. प्रत्येकाला टक् टक् ऐकायचं होतं. "पोट दुखते" म्हणणारा आमचा दोस्त पोट विसरून सगळ्यांना शिकवत होता.

आता जेवण! पत्रावळीवर एक गरम रोडगा. तो दोन्ही हातांनी फोडायचा. फोडला, की आतून वाफेचा लोट येतो आणि पापुद्रे उलगडतात. तो चुरायचा, मधोमध खळगं करायचं, त्यात तूप आणि वर आंबट-गोड वरण. शेजारी वांग्याची झणझणीत भाजी, मोठ्या गंजात शिजवलेली, वर तेलाची तर्री. बुक्कीनं फोडलेला कांदा आणि ज्याला सोसेल त्याला ठेचा. पहिल्या घासाला मुलांच्या डोळ्यांतून पाणी, दुसऱ्या घासाला नाकातून आणि तिसऱ्या घासाला "भाजी वाढा!" मुख्याध्यापक सरांनी चार रोडगे खाल्ले. मी किती खाल्ले, ते सांगायला हरकत नाही, पण तुम्ही हसाल.

जेवता जेवता एकानं विचारलं, "मॅडम, टीव्हीवर बार्बेक्यू दाखवतात, ते हेच का?"

प्रश्न फार छान होता. घरी येऊन मी वाचलं, आणि जे सापडलं ते तुम्हांलाही सांगते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे टेनेसी, उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना, टेक्सास या भागांत, बार्बेक्यू हे लोकांचं लाडकं जेवण आहे. तिथं कणकेऐवजी मांस असतं. तेही महागडं, मऊ मांस नव्हे, तर निबर, सहजासहजी न शिजणारे तुकडे. ते लाकडाच्या निखाऱ्यांवर, धुरात, मंद आचेवर आठ-आठ, बारा-बारा तास ठेवतात. मांसातला कोलॅजन नावाचा चिवट भाग इतक्या वेळात विरघळून मऊ होतो, आणि चावता न येणारा तुकडा बोटानं तुटू लागतो. तिथली साधी खानावळ आपल्या शेडसारखीच. लाकडी बाकं, कागद अंथरलेली टेबलं, सोबत कोबीची कोशिंबीर, मक्याचा पाव आणि घेवड्याच्या दाण्यांची उसळ. 'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा. काठ्यांच्या मांडवावर, खाली विस्तव ठेवून अन्न भाजायची त्यांची रीत होती. स्पॅनिश लोकांनी तो शब्द 'बार्बाकोआ' असा उचलला आणि पुढे तो इंग्रजीत गेला.

पण मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली, ती पुढेच आहे. त्या दक्षिणेकडच्या राज्यांत मोठमोठ्या मेजवान्यांसाठी रात्रभर विस्तव सांभाळायचं काम बहुतेक वेळा आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाट्याला यायचं. धूर त्यांच्या डोळ्यांत जायचा, पंगतीला मालक बसायचे. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपली. मग त्यांतल्या अनेकांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी याच कलेवर स्वतःच्या खानावळी उभ्या केल्या. आज लोक मैलोन् मैल गाडी चालवत तिथं जेवायला जातात.

आपल्या जवळचंही एक उदाहरण आहे. नागपुरात, आणि यवतमाळातही, 'सावजी भोजनालय' अशा पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. ती काळपट, तिखटजाळ रस्स्याची चव मूळची हलबा कोष्टी समाजातल्या विणकरांच्या घरातली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरण्यांचं कापड आलं आणि पुढच्या काळात हातमागाचं काम कमी होत गेलं. तेव्हा काही घरांनी आपल्या चुलीचा आधार घेतला. घरातल्या बायकांच्या हातची भाजी लोकांना वाढायला सुरुवात केली. मागाचा आवाज कमी झाला, पाट्यावरच्या मसाल्याचा वाढला.

अमेरिकेतली खानावळ, नागपूरचं भोजनालय आणि आमच्या महामार्गावरची शेड. तिन्ही ठिकाणी कुणीतरी विस्तवाजवळ बसलं, म्हणून दुसऱ्याच्या पत्रावळीवर गरम घास आला. आणि जो विस्तवाजवळ बसतो, त्याच्या कपड्यांना धुराचा वास येणारच. आपण मिटक्या मारत जेवायचं आणि त्या वासाला मात्र नाक मुरडायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. हजेरी घ्यायच्या आधी म्हणाले, "मागे मी एकाला सगळ्यांसमोर 'आंघोळ करून ये' असं म्हणाले होते. मी न विचारता बोलले. ती माझी चूक होती. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते."

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल, अशी शांतता. तो शेवटच्या बाकावर उभा राहिला. हळूच म्हणाला, "मॅडम, शर्ट रोज धुतलेलाच राह्यते. कपडे वाळवाची दोरी शेडमंधी हाये."

बस, एवढंच. दोन महिने एवढं साधं उत्तर त्याच्याजवळ होतं. मीच कधी विचारलं नव्हतं.

तो लगेच पुढच्या बाकावर आला, असं मात्र झालं नाही. असं फक्त गोष्टींत होतं. आठ-दहा दिवस तो मागेच बसला. मग एके दिवशी ती मुलगी आपलं दप्तर उचलून त्याच्या बाकावर जाऊन बसली. मी बघितलं आणि फळ्याकडे तोंड वळवलं.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. आपलं मूल घरी येऊन सांगतं, "अमक्याच्या डब्याला वास येतो, तमक्याचे कपडे घाण असतात." आपण कामात असतो, "मग त्याच्याजवळ बसू नको" म्हणून मोकळे होतो. माझ्याही हातून तेच झालं. तेव्हा जरा थांबून, "त्याच्या घरी काय काम करतात गं?" एवढं विचारून बघा. दुसरं म्हणजे, धुराचं नुसतं कौतुक करून भागणार नाही. रोजचा धूर डोळ्यांना आणि छातीला वाईटच. त्या ताईंच्या घरी आता स्वयंपाकाला गॅस आहे, विस्तव फक्त ऑर्डरपुरता, तोही उघड्यावर आणि वाऱ्याची दिशा बघून. मुलांनो, तुम्हीही लक्षात ठेवा. मोठं माणूस जवळ असल्याशिवाय विस्तवाशी खेळायचं नाही. आणि थंडीत पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपायचं नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्यानं झोपेतच जीव जाऊ शकतो.

परवा सोमवार होता. तो वर्गात आला, तोच धुराचा वास घेऊन. कपड्यांची दोरी आता आजीनं घरामागे बांधली आहे, तरी थोडा वास येतोच. नाक मात्र कुणी दाबलं नाही. एकानं विचारलं, "काल किती झाले रे?"

"दोनशे दहा," तो ऐटीत म्हणाला.

मी लगेच फळ्यावर लिहिलं : 'रोडगे २१०. प्रत्येकाला ३ रोडगे वाढले, तर किती जण जेवतील?' सगळ्यांत आधी कुणाचा हात वर झाला असेल, ते सांगायला नकोच.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या घरी किंवा गावात विस्तवावर भाजलेला कोणता पदार्थ होतो? हुरडा, भरीत, पानगे, रताळी, मक्याचं कणीस, काहीही चालेल. तो कसा करतात आणि विस्तव कोण सांभाळतं, हे त्या माणसालाच विचारून दहा ओळींत लिहून पाठवा. त्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारा : "धूर डोळ्यांत जातो, तेव्हा तुम्ही काय करता?" उत्तर नीट ऐका. आणि हो, अक्षर गिचमिड असलं तरी चालेल!